नोकरी सोडून ॲफिलिएट वेबसाइटवर घर चालेल का? कुणी खरोखर करतंय का?

द्राक्षपट्टा:
नमस्कार मंडळी. बरेच दिवस नुसता वाचतोय, आज पहिल्यांदा धागा काढतोय, चुकीच्या विभागात पडला असेल तर ॲडमिननी हलवावा.

मी तासगाव भागात शेती अवजारांच्या दुकानात काउंटरला आहे, दहा-अकरा वर्षं झाली असतील. फवारणी पंप, ब्रश कटर, मोटारी, पाइप, स्पेअर सगळं बघतो, थोडीफार रिपेरी पण करतो. पगार १८ हजार. मालक माणूस चांगला आहे, त्याबद्दल तक्रार नाही, पण उद्या दुकान त्याच्या पोराचं होणार आणि माझं वय ३६, म्हणजे अजून दहा वर्षांनी पण मी त्याच काउंटरला असणार. घरी बायको शिवण करते, मुलगी चौथीत, आईचं औषधपाणी असतं.

मागच्या महिन्यात एक फ्री वेबिनार बघितलं. त्यात सांगितलं की वेबसाइट काढायची, "५० हजारच्या आतले बेस्ट लॅपटॉप" असले लेख एआयकडून इंग्लिशमध्ये लिहून घ्यायचे, रोज दहा टाकायचे, खाली ॲमेझॉनची लिंक द्यायची आणि कुणी तिथून घेतलं की आपल्याला कमिशन, यालाच ॲफिलिएट म्हणतात. झोपेत पण पैसे येत राहतात म्हणे. कोर्स २५ हजाराचा आहे, दोन दिवसांत घेतला तर १५ ला. आणि तोच कोर्स मी दुसऱ्याला विकला तर मला निम्मे.

माझे प्रश्न असे की १) हे खरं आहे का २) दिवाळीनंतर नोकरी सोडून पूर्णवेळ केलं तर महिन्याला २० हजार निघायला किती वेळ लागेल ३) कोर्स घेऊ का. मला कॉम्प्युटर येतो, टॅलीपुरता, इंग्लिश वाचता येतं पण लिहिताना अडखळतो. कृपया खरं सांगा, गोड बोलू नका.

खडूस_काका:
तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर आधी. नको.
विकायचा माल म्हणजे तो कोर्सच, आणि कमाई म्हणजे तोच कोर्स पुढच्याच्या गळ्यात मारायचा, याला ॲफिलिएट मार्केटिंग म्हणत नाहीत. ही साखळी आहे, फक्त लॅपटॉपवर चालते. साबण-पावडरवाल्या साखळ्यांसाठी सरकारने डिसेंबर २०२१ मध्ये डायरेक्ट सेलिंगचे नियम आणले, त्यात पिरॅमिड स्कीमला सरळ बंदी आहे, ते एकदा वाचा आणि मग त्या वेबिनारवाल्याला विचारा की तुझी कमाई लॅपटॉपच्या लिंकवरून किती आणि कोर्सवरून किती. उत्तर देतो का बघा.

सुईदोरा:
दादा, मी नाशिकला असते आणि हेच करते, त्यामुळे जरा सविस्तर लिहिते, चहा घेऊन बसा.

माझी साइट शिवणयंत्रांवर आहे, इंग्लिशमध्ये आणि वाचक बहुतेक अमेरिकेतल्या बायका, क्विल्टिंग करणाऱ्या. आपल्याकडे आजी गोधडी शिवायची, तिकडे तो मोठा छंद आहे आणि त्यासाठी लोक यंत्रं, कात्र्या, रूलर, दोरे यांवर भरपूर खर्च करतात. मी आधी शिवणक्लास घ्यायचे, यंत्रं स्वतः उघडून साफ करायचे, तिथून हे सुरू झालं. आता घरखर्चाचा चांगला भाग यातून निघतो पण एकट्या यावर नाही, क्लास अजून चालू आहेत आणि मी ते बंद करणार नाहीये.

आधी गणित बघू. समजा तुमच्या साइटवर महिन्याला १० हजार लोक आले, म्हणजे नव्या माणसाच्या दृष्टीने चांगलेच आले. त्यातल्या शंभरातल्या दहांनी लिंकवर क्लिक केलं तर हजार क्लिक. त्यातल्या शेकडा तिघांनी खरेदी केली तर तीस ऑर्डर. वस्तू ३ हजाराची आणि कमिशन ५ टक्के धरलं तर एका ऑर्डरला दीडशे, एकूण साडेचार हजार. त्यातून परत आलेला आणि कॅन्सल झालेला माल वजा होतो, त्याचं कमिशन मिळत नाही. पैसे हातात यायला पण महिना संपल्यावर साधारण दोन महिने जातात. आता २० हजारासाठी हाच आकडा किती पट करायला लागेल ते तुम्हीच काढा, टॅलीवाले आहात. आणि मोबाइल-लॅपटॉपचा नाद सोडा, तिथे कमिशनचा टक्का अगदी कमी असतो आणि स्पर्धेत मोठमोठ्या कंपन्यांच्या साइट्स बसलेल्या आहेत.

टक्का आपल्या हातात नसतो ही दुसरी गोष्ट. ॲमेझॉनने हा प्रोग्राम १९९६ ला सुरू केला, म्हणजे जुना आणि भरवशाचा, पण एप्रिल २०२० मध्ये अमेरिकेत फर्निचरचं कमिशन ८ वरून ३ टक्क्यांवर आणलं, किराण्याचं ५ वरून १ वर. एका मेलवर. ज्यांचं अख्खं घर त्यावर चालायचं त्यांचं काय झालं असेल. म्हणून मी तीन-चार ठिकाणी खाती ठेवलीत, काही यंत्र कंपन्या आणि कापड दुकानं स्वतः थेट कमिशन देतात, त्यांचा टक्का बरा असतो आणि कुकी पण ३० दिवस वगैरे चालते. ॲमेझॉनची फक्त २४ तास. म्हणजे तुमच्या लिंकवरून गेलेल्या माणसाने एका दिवसात घेतलं तर तुमचं, कार्टात टाकून ठेवलं तर थोडी जास्त मुदत मिळते, नाहीतर तुमचा लेख वाचून चार दिवसांनी घेतलं तर तुम्हाला शून्य.

नियम पण कडक आहेत. खातं उघडल्यावर १८० दिवसांत तीन विक्री झाल्या नाहीत तर खातं बंद. स्वतःच्या लिंकवरून स्वतः घ्यायचं नाही, मेहुण्याला घ्यायला लावायचं नाही, धरलं तर आधीचं कमिशन पण जातं. किंमत हाताने लिहून ठेवायची नाही कारण ती तिकडे बदलत असते, फोटो तिथून उतरवून लावायचे नाहीत. मी फोटो सगळे स्वतः काढते, खिडकीजवळ, मोबाइलवर, आणि खरं सांगू का, माझ्या साइटवर लोक थांबतात ते त्या फोटोंमुळे. बॉबिन केसमध्ये दोरा कुठे अडकतो ते एआयला कुठून दिसणार.

मी तुमच्या जागी असते तर लॅपटॉपवर एक अक्षर लिहिलं नसतं. तुम्ही दहा वर्षं फवारणी पंप उघडताय की.

एसइओ_राक्षस:
ताईंचं बरोबर आहे पण थोडं थंड पाणी ओततो, कारण मी एजन्सीत एसइओचं, म्हणजे साइट गुगलवर वर आणायचं काम करतो आणि रोज ग्राफ बघतो.

फक्त गुगलवर अवलंबून असलेली रिव्ह्यू साइट नव्याने काढायचा काळ गेला असं माझं स्पष्ट मत आहे. २०११ ला गुगलचं पांडा अपडेट (कुठली साइट वर दाखवायची त्या नियमांतला बदल) आलं तेव्हापासून कचरा लेखांवर कुऱ्हाड चालूच होती, पण सप्टेंबर २०२३ च्या हेल्पफुल कंटेंट अपडेटमध्ये एकट्यादुकट्याने चालवलेल्या कितीतरी साइट्स बसल्या, त्यात चांगल्या पण होत्या. हाऊसफ्रेश म्हणून एअर प्युरिफायर खरोखर विकत घेऊन तपासणारी छोटी साइट आहे, त्यांनी फेब्रुवारी २०२४ मध्ये आकड्यानिशी लिहिलं होतं की मोठ्या मासिकांच्या साइट्स वस्तूला हात न लावता आमच्या वर कशा दिसतात. मग मार्च २०२४ ला गुगलने ढिगाने पाडलेला कंटेंट थेट स्पॅममध्ये धरला. म्हणजे ते "रोज दहा एआय लेख" प्रकरण आहे ना दादा, ते शिकवणाऱ्याला माहीत असणार की ते आता स्पॅमच्या व्याख्येत बसतं, तरी शिकवतोय. वर आता सर्च केल्यावर एआयचं उत्तर सगळ्यात वर येतं, भारतात ऑगस्ट २०२४ पासून, लोक खाली येतच नाहीत.

जुनी उदाहरणं दाखवतात त्यांच्यावर जाऊ नका. वायरकटर ही वस्तू तपासून शिफारस करणारी अमेरिकन साइट २०११ ला सुरू झाली आणि २०१६ मध्ये न्यूयॉर्क टाइम्सने जवळपास ३ कोटी डॉलरला घेतली, हे खरं आहे. पण ती टीम वस्तू आणून आठवडेच्या आठवडे तपासायची. वेबिनारमध्ये स्लाइड दाखवतात ३ कोटीची, तपासणीची नाही.

माझ्या मते यूट्यूब करा. पंप खोलून दाखवा, बोला आपल्या भाषेत, लिंक खाली द्या. लिहायचा त्रासच नाही.

सुईदोरा:
@एसइओ_राक्षस यूट्यूब करा हे मान्य, पण साइट नकोच हे नाही पटत. व्हिडिओत माणूस बघतो आणि निघून जातो, नेमका कुठला नोझल नंबर, कुठला चार्जर, हे शोधायला तो परत लिहिलेल्याकडेच येतो. माझ्याकडे निम्म्याहून जास्त वाचक गुगलवरून येतच नाहीत, पिंटरेस्टवरून आणि माझ्या मेलच्या यादीतून येतात. ती यादी माझी आहे, कुठलं अपडेट आलं तरी ती कुणी काढून घेत नाही. दादांनी व्हॉट्सॲप चॅनल केलं तरी तेच काम होईल, फक्त कुठल्या प्रोग्रामची लिंक कुठे टाकायला चालते ते आधी त्यांच्या करारात वाचायचं, सगळीकडे चालतेच असं नाही.

मोसंबी_जालना:
मी शेतकरी माणूस, मला त्या एसइओतलं कळत नाही, पण गिऱ्हाईक म्हणून सांगतो कारण तुमच्या लिंकवर क्लिक करणारा तो मीच ना.

गेल्या खरिपाआधी मी पंप घ्यायला दोन-चार दिवस मोबाइलवर बघत बसलो होतो. १६ लिटर का २० लिटर, ८ ॲम्पिअरची बॅटरी का १२ ची, सिंगल मोटार का डबल. जिथे बघावं तिथे तेच कंपनीचं पत्रक मराठीत उलथं करून टाकलेलं, "हा पंप शेतकऱ्यांसाठी एक उत्तम पर्याय आहे". अरे बाबा पण भरल्यावर पाठीवर किती ओझं होतं ते सांग ना. २० लिटरचा भरून सोयाबीनमध्ये दिवसभर चालून दाखव मग उत्तम पर्याय म्हण.

आणि घेतला कुठून? गावातल्या कृषी सेवा केंद्रातून. ऑनलाइन दोनशे रुपये स्वस्त होता तरी. कारण वॉशर गेला, मोटार बसली तर मी कुरिअरने पाठवत बसू का. आणि ज्यांना महाडीबीटीतून अनुदान घ्यायचं असतं त्यांना आधी पूर्वसंमती आणि मग डीलरचं पक्कं बिल लागतं, ते लोक तुमच्या लिंकवरून कशाला घेतील. म्हणजे वाचणार भरपूर, घेणार कमी, हे धरून चाला.

पण एक आहे, चार्जर, नोझल, लान्स (फवारायची दांडी), प्रेशर स्विच असल्या वस्तू मी ऑनलाइनच मागवतो कारण आमच्या इथे नेमका त्या मॉडेलचा मिळतच नाही, दुकानदार म्हणतो नवीन पंपच घ्या. ते कुठला कशाला बसतो हे कुणीतरी नीट लिहिलं तर लिंकवरून घेऊ की.

आणि आता विचारतोच. माझा पंप चार्ज होतो, मोटारीचा आवाज येतो पण दाब येत नाही, थेंब थेंब पडतं. काय असेल?

द्राक्षपट्टा:
सगळ्यांचे आभार, एवढं कुणी लिहिल असं वाटलं नव्हतं. कोर्सचा विषय संपला माझ्याकडून.

@मोसंबी_जालना भाऊ आधी नोझल काढा आणि नुसता लान्स धरून चालू करा. धार जोरात आली तर नोझल तुंबलाय, ब्रशने साफ करा, तार घालू नका, भोक मोठं होतं आणि मग औषध जास्त जातं. धार तशीच लुळी असेल तर टाकीतली जाळी बघा, शेवाळ आणि पावडर औषधाचा गाळ बसतो तिथे. मग टाकीपासून मोटारीपर्यंतची नळी, तिला क्लिपजवळ चीर असेल तर पंप हवा ओढतो आणि आवाज नेहमीपेक्षा हलका, मोकळा येतो. हे सगळं ठीक असेल तर मोटारीच्या तोंडाचे चार स्क्रू काढा, आत व्हॉल्व आणि डायफ्राम असतो, बहुतेक वेळा तिथे कचरा अडकलेला असतो किंवा रबर कडक झालेलं असतं. आणि हो, मीटर असेल तर मोटार चालू ठेवून बॅटरीचं व्होल्टेज बघा. नुसती ठेवल्यावर साडेबारा दाखवते आणि लोड आला की दहाच्या आसपास पडते अशी बॅटरी असेल तर ती गेली, पंपाचा दोष नाही. तणनाशकाचा नोझल आणि कीटकनाशकाचा नोझल वेगळा ठेवा, तणनाशकाला चपट्या फवाऱ्याचा आणि किडीला गोल पोकळ फवाऱ्याचा, आणि जमलं तर तणनाशकाला पंपच वेगळा.

आता माझे पुढचे प्रश्न. मराठीत लिहू का हिंदीत? आणि मालकाला सांगायचं का लपून करायचं? दुकानात बसून दुसऱ्याच्या मालाच्या लिंका द्यायच्या म्हणजे मला जरा कसंतरी वाटतंय.

सुईदोरा:
अहो हे जे वर लिहिलंत ना भाऊंना, तेच फोटो काढून साइटवर टाका. यात एक इंग्लिश शब्द अडखळला नाही तुमचा.

भाषा मराठीच ठेवा निदान पहिलं वर्षभर. हिंदीत वाचक जास्त पण तिथे गर्दी पण जास्त आणि तुम्ही हिंदीत असं लिहू शकणार नाही. सीझन धरून चाला, जूनच्या आधी पंपाचे लेख तयार पाहिजेत, तुमच्याकडे द्राक्षाच्या ऑक्टोबर छाटणीच्या आधी ब्लोअर आणि एसटीपी या मोठ्या फवारणी यंत्रांचे. लोक पाऊस पडल्यावर शोधतात, त्यानंतर लिहायला बसलात तर गाडी गेली. खर्च म्हणाल तर डोमेन (साइटचं नाव) आणि होस्टिंग (साइट ठेवायची जागा) मिळून वर्षाला तीन-चार हजारांत बसतं, साइट बनवायचं वर्डप्रेस फुकट आहे, महागडी थीम लागत नाही.

नोकरी सोडू नका. महिन्याच्या खर्चाएवढी रक्कम सलग वर्षभर आली, म्हणजे एक अख्खा खरीप-रब्बी तुम्ही बघितला, मग विचार करा. सीझन संपल्यावर फेब्रुवारीत काय येतं ते बघितल्याशिवाय मे-जूनच्या आकड्यावर भाळू नका.

खडूस_काका:
मालकाला सांगा. आणि नुसतं सांगू नका, त्यालाच धंदा घाला. साइटवरून नेमका स्पेअर विचारणारा माणूस आला की तुमच्या दुकानातून कुरिअर, त्यावर तुम्हाला ठरलेला टक्का. ॲमेझॉनच्या पाच टक्क्यांपेक्षा स्पेअरवर मार्जिन किती असतं हे तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत. हे पण ॲफिलिएटच झालं, फक्त कंपनी तासगावची. मालकाच्या पोराला पण कळेल की काउंटरवरचा माणूस काय चीज आहे.

एसइओ_राक्षस:
काकांची आयडिया भारी आहे, हे मला सुचलं नव्हतं. मराठीत "कुठला चार्जर कुठल्या पंपाला" असले सर्च मोजणाऱ्या टूलमध्ये शून्य दाखवतात, म्हणून कुणी लिहीत नाही, पण शोधणारे असतात हे वर जालन्याच्या भाऊंनीच दाखवलं. तरी व्हिडिओ कराच, तोच मजकूर बोलायचा फक्त. आणि ॲफिलिएट लिंकला स्पॉन्सर्ड टॅग लावा, म्हणजे ही कमिशनची लिंक आहे हे गुगलला कळतं, गुगलने २०१९ पासून तो वेगळा दिलाय.

जमाखर्च:
उशिरा आलो, पण कर कुणी बोललंच नाही म्हणून लिहितो. सीएच्या ऑफिसात आहे, तुमचं प्रकरण तुमच्या सीएला दाखवाच.

कमिशन देणारी भारतीय कंपनी टीडीएस, म्हणजे पैसे देतानाच कर, कापते, ऑक्टोबर २०२४ पासून दर ५ चा २ टक्के झालाय, आणि एप्रिल २०२५ पासून वर्षाला २० हजारापर्यंत कापत नाहीत. पॅन दिलं नाही तर मात्र २० टक्के. कापलेला टीडीएस रिटर्नमध्ये परत मागता येतो, लोक रिटर्नच भरत नाहीत आणि मग म्हणतात कंपनीने पैसे खाल्ले. दुसरं, छोट्या धंद्यांना अंदाजे नफा दाखवायची जी सोय आहे ती कमिशनच्या उत्पन्नाला चालत नाही, यूट्यूबवर सर्रास चुकीचं सांगतात. म्हणजे हिशेब ठेवायचा, होस्टिंग, इंटरनेट, तपासायला घेतलेले पंप यांची बिलं जपून ठेवायची, ती खर्चात धरता येतात. जीएसटी वर्षाला २० लाखांवर गेलात की, तेव्हा पेढे घेऊन या, आपण बघू.

साइटवर "या लिंकवरून घेतलंत तर मला कमिशन मिळतं" हे ठळक आणि लेखाच्या वरच लिहा, तळाला बारीक अक्षरात नाही. जानेवारी २०२३ मध्ये केंद्राच्या ग्राहक व्यवहार खात्याने याचे नियम दिलेत, आणि ज्या भाषेत शिफारस त्याच भाषेत हा खुलासा पाहिजे, म्हणजे मराठी लेखाखाली इंग्लिश ओळ चिकटवून भागणार नाही. दिशाभूल केली तर दंड १० लाखांपर्यंत जाऊ शकतो. दुकानातून कुरिअर करणार असाल तर तिथे पण तेच लिहा की मी याच दुकानात आहे.

मालकाबरोबर टक्का ठरला तर साध्या कागदावर का होईना लिहून घ्या. विक्रीवर का नफ्यावर, कुरिअरचा खर्च कुणाचा, परत आलेल्या मालाचं काय. आणि साइटचं डोमेन तुमच्या नावावर घ्या, दुकानाच्या नाही.

मोसंबी_जालना:
@द्राक्षपट्टा नळीला क्लिपजवळ चीर होती. कापून परत बसवली, आता धार झकास. प्रेशर स्विचचा पण फोटो टाकतो सवडीने, तो कुठला बसेल ते सांगा, तुमच्याच दुकानातून पाठवा.